गोठ्यातील प्रश्न आणि प्रयोगशाळेची वाट : पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी संशोधन अधिछात्रवृत्ती

सन २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग राजस्थान, गुजरातनंतर महाराष्ट्रातही फैलावला. राज्यातील गुरांचे बाजार बंद करावे लागले आणि जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध आले. त्या वेळी गायी-बैलांना टोचण्यात आली ती शेळ्यांच्या देवी रोगाची लस, कारण लम्पीची स्वतंत्र देशी लस बाजारात नव्हती. प्रयोगशाळेत मात्र तिचे काम चालू होते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये रांची येथील बाधित गुरांपासून हा विषाणू वेगळा केला होता. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने त्यापासून तयार केलेली लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. याच विषाणूवर आधारित लसीला बाजारात येण्याचा परवाना मिळण्यास फेब्रुवारी २०२५ उजाडले.

विषाणू हाती लागल्यापासून परवान्यापर्यंत पाच-सहा वर्षे गेली. इतका काळ एकाच प्रश्नाला चिकटून राहणारे मनुष्यबळ कोठून यायचे, हा खरा प्रश्न आहे. पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा. तो संपेपर्यंत विद्यार्थी तेविशी-चोविशीत पोहोचलेला असतो आणि घरची मंडळी पहिल्या पगाराची वाट पाहत असतात. समोर लोकसेवा आयोगाची पशुधन विकास अधिकारी पदाची परीक्षा असते, दूधसंघातील वा औषध कंपनीतील नोकरी असते, शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना थाटण्याची सोय असते. यात गैर काहीच नाही. परंतु संशोधनाची ओढ असलेला विद्यार्थी केवळ खर्चाच्या धास्तीने मागे फिरत असेल, तर त्याने अधिछात्रवृत्तीचे, म्हणजेच फेलोशिपचे मार्ग आधी नीट पाहावेत.

बुळकांडीचा धडा

पशुधन आणि अन्नसुरक्षा यांचा संबंध दुधाच्या आकडेवारीपुरता नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटी ५७ लाखांहून अधिक पशुधन आहे आणि २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टन झाले. तथापि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दोन शेळ्या म्हणजे दुष्काळी वर्षातील रोकड असते. त्या दगावल्या तर आधी बाजारहाट आटतो, मग मुलांच्या ताटातले कमी होते.

बुळकांडी या रोगाने गुरांबरोबर माणसांनाही उपासमारीत लोटल्याचा इतिहास आहे. त्यावर १९२० च्या दशकात मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट या ब्रिटिश पशुवैद्यकाने पेशीसंवर्धनावर आधारित अधिक सुरक्षित लस विकसित केली. या कामासाठी त्यांना १९९९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारत २००६ मध्ये या रोगाच्या संसर्गापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये सारे जग. ज्या संस्थेत एडवर्ड्स काम करीत, ती भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झाली होती, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आज तिचे मुख्यालय बरेलीजवळ इज्जतनगर येथे आहे.

पहिली पायरी : एम.व्ही.एस्सी.

पदवीनंतरचा सर्वांत रुळलेला मार्ग भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा आहे. २०१९ पासून ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्थेमार्फत संगणकावर घेतली जाते. तिच्या गुणवत्ता यादीवरून इज्जतनगर, कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आणि विविध राज्यांतील पशुवैद्यक विद्यापीठे येथील परिषदेच्या कोट्यातील जागा भरल्या जातात. प्रत्येक विषयगटातील वरच्या क्रमांकाच्या मोजक्या विद्यार्थ्यांना परिषदेची पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते. पूर्वी तिला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणत आणि महाविद्यालयांत आजही ती 'जेआरएफ' याच नावाने ओळखली जाते. ती हुकलेल्या, पण याच परीक्षेतून स्वतःच्या राज्याबाहेर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. रक्कम लहान असली तरी खानावळीचा भार हलका होतो.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते. अर्ज भरताना पशुवैद्यक शास्त्र, पशुविज्ञान आणि पशु-जैवतंत्रज्ञान हे वेगवेगळे विषयगट असतात आणि निवडलेला गटच पुढील विशेष विषय ठरवितो. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य हे विषय पहिल्या गटात येतात, तर पशुपोषण आणि आनुवंशिकी-पैदास दुसऱ्या गटात. पशुपोषण वा पैदास म्हटले की हुशार मुले नाक मुरडतात. शल्यचिकित्सा आणि औषधशास्त्राला मान अधिक. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने मात्र चारा, वैरण आणि वंशसुधारणा हेच मूळ प्रश्न आहेत. गट निवडताना वर्गमित्रांकडे न पाहता याचा विचार व्हावा.

महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. १८८६ पासूनचे परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालये याच विद्यापीठाची आहेत.

पीएच.डी.साठी

पीएच.डी.करिता कृषी संशोधन परिषदेची स्वतंत्र परीक्षा आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर' अधिछात्रवृत्ती विद्यापीठात प्रथम आलेल्यांसाठी असून पशुवैद्यक शाखा तिच्या कक्षेत येते. पशु-जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जैवतंत्रज्ञान विभागाच्या परीक्षेचाही पर्याय आहे. केंद्रीय विज्ञान विभागांनी १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकांसाठी दरमहा ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ संशोधकांसाठी ४२ हजार रुपये हा दर लागू केला. घरभाडे भत्ता वेगळा. ही रक्कम पशुधन विकास अधिकाऱ्याच्या वेतनाची बरोबरी करणार नाही, पण घरून पैसे मागविण्याची वेळही येणार नाही.

राज्यातील विद्यार्थ्यांनी सामाजिक प्रवर्गनिहाय संस्थांकडेही लक्ष द्यावे. अनुसूचित जातींसाठी 'बार्टी', मराठा व कुणबी समाजासाठी 'सारथी', तर इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 'महाज्योती' पीएच.डी.ची अधिछात्रवृत्ती देते. पशुवैद्यक शाखेतून या संस्थांकडे अर्ज करता येतो, हेच अनेकांना ठाऊक नसते. जागांची संख्या आणि रक्कम कोणत्या तारखेपासून द्यायची, यांवरून विद्यार्थ्यांना आंदोलनेही करावी लागली आहेत. त्यामुळे जाहिरातीतील अटी मुळातून वाचाव्यात आणि पीएच.डी. नोंदणीची तारीख सिद्ध करणारी कागदपत्रे जपून ठेवावीत.

परदेशातील संधी

नैरोबी व अदिस अबाबा येथे कार्यरत असलेली आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था १९९४ मध्ये दोन जुन्या आफ्रिकी संस्थांच्या विलीनीकरणातून आकाराला आली. तिच्या पदव्युत्तर फेलोशिप बहुधा एखाद्या प्रकल्पाशी जोडलेल्या असतात. त्यामुळे ठरलेल्या महिन्याची वाट न पाहता संस्थेच्या जाहिरातींवर वर्षभर लक्ष ठेवावे लागते. युरोपीय संघाच्या 'इरास्मस मुंडुस' योजनेतून संसर्गजन्य रोग व 'वन हेल्थ' या विषयाचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. तूर, बार्सिलोना आणि एडिंबरा येथील विद्यापीठांनी मिळून तो आखला आहे.

अमेरिकेत पशुवैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत फेलोशिप घेऊन प्रयोगशाळेत काम करतात. अन्न व कृषीपुढील आव्हाने हाच विषय धरूनही तेथे पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी अशी योजना राबविण्यात आली. आपल्याकडे पदवीच्या काळात संशोधनाची अशी चव फारशी मिळत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीसह तीन अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप हा एक अपवाद. पदव्युत्तर प्रवेशाच्या आधी संशोधन आपल्याला झेपते का, हे पाहण्याची ही चांगली संधी आहे.

विषय कोणता घ्यावा?

कासदाह, ब्रुसेल्लोसिस, दुधातील प्रतिजैविकांचे अंश, गोचीडजन्य ताप हे विषय आपल्या गोठ्यांत रोज भेटतात. शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर २०३० पर्यंत जगातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे. असे असूनही परदेशी शोधनिबंधात वाचलेला विषय देशी नावाने मांडण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

विषयनिवडीसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. सुंदरबनातील गरोल ही लहानखुरी मेंढी मात्र दोन किंवा अधिक कोकरे देते आणि त्यामागे 'फेकबी' नावाचे एक जनुक आहे. ऑस्ट्रेलियातील बूरूला मेरिनो मेंढ्यांतही तेच आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते तेथे पोहोचले असे मानले जाते. फलटणच्या संशोधकांनी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने हे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांचे प्रमाण वाढते. दोन प्रती असल्या तर कधी कधी नको तितकी कोकरे होतात. मग प्रश्न उभा राहतो तो जनुकाचा नव्हे, तर वाटेवर असलेल्या मेंढपाळाला दोन कोकरांपुरते दूध आणि चारा कसा पुरवता येईल याचा. म्हणून मेंढपाळांच्या कळपांत जाऊन कोकरांच्या जगण्याच्या नोंदी ठेवणे हाही या संशोधनाचाच भाग ठरला. अशा कामात पशुवैद्यकाला करण्यासारखे पुष्कळ आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाले, हे त्यांच्याकडूनच कळते. प्रयोगात जनावरे वापरावयाची असल्यास संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आवश्यक असते आणि मोठ्या जनावरांच्या बाबतीत प्रस्ताव केंद्रीय समितीपर्यंत जातो. अधिछात्रवृत्तीची मुदत मात्र परवानगीसाठी थांबत नाही. म्हणून हा अर्ज पहिल्या सहामाहीतच तयार ठेवावा.