आधी जुन्या लॅपटॉपवर

लिनक्स म्हणजे म्हाताऱ्या लॅपटॉपवरचं टॉनिक, अशी समजूत आता रुळली आहे. ते जन्मलं मात्र कोऱ्या करकरीत यंत्रावर. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये इंटेल ३८६ चिपचा संगणक हप्त्यांवर घेतला आणि त्या चिपची ताकद अजमावण्याच्या नादात तो लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला बसला. ऑगस्टमध्ये जगाला कळवतानाही त्याने हा आपला छंद असल्याचं सांगितलं होतं.

त्याच वर्षी त्याच्या हातून एक घोटाळा झाला. मोडेमने डायल करायच्या ऐवजी त्याने चुकून नंबर हार्ड डिस्कच्याच पत्त्यावर पाठवला आणि तोवर ज्यावर सगळं काम चालायचं त्या मिनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा कप्पा, बरबाद झालं. मिनिक्स पुन्हा न टाकता लिनक्सवरच भागवायचं, असं त्याने ठरवलं. कर्त्यावरच ही पाळी, मग नवशिक्याने धास्ती घेतली तर नवल काय!

धास्तीला कारणंही होती. १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंगचं स्लॅकवेअर हे लिनक्सचं वितरण (डिस्ट्रो) आलं ते फ्लॉपींच्या ढिगाऱ्यातून. त्यातली एखादी खराब निघाली की अडलंच. पार्टिशन ‘एफडिस्क’ने हाताने पाडायचं, तिथे एक आकडा चुकला तर घरच्यांचे फोटो, हिशेब, पत्रं, सगळं साफ. पुढे चित्रमय पडदा हवा असेल तर मॉनिटरची फ्रिक्वेन्सी स्वतः भरायची, आणि ती भलतीच भरली तर मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा माहितीपत्रकांतच असे. रोजच्या कामाच्या मशीनवर असले प्रयोग कोण करणार? अडगळीतलं यंत्र बाहेर काढण्याचा रिवाज पैशाच्या बचतीपेक्षा या भीतीतून पडला, असंच म्हणावं लागतं.

भारतात आणखी एक अडचण होती. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ऑगस्ट १९९५ मध्ये, तेही डायल-अप. त्यावरून लिनक्स उतरवून घेणं जवळपास अशक्यच. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे अनेकांची वाट मोकळी झाली.

भीतीवरचा खरा उतारा जर्मनीतून आला. क्लाउस नॉपर यांची नॉपिक्स ही डिस्ट्रो सीडीवरूनच सुरू होई, हार्डवेअर आपणच ओळखे आणि हार्ड डिस्कला हातही लावत नसे. ७०० एमबीच्या तबकडीत जवळपास २ जीबीचा ऐवज दाबून बसवलेला! सीडी काढा, मशीन पुन्हा पूर्वीसारखं. पाठोपाठ पपी लिनक्स आलं, सगळं रॅममध्ये चढवून चालणारं. डॅम स्मॉल लिनक्सने तर अवघ्या ५० एमबीत संसार मांडला. त्याला १६ एमबी रॅमचं, ४८६ चिपचं यंत्र देखील पुरे होई. उबुंटू डिस्ट्रोच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने घरपोच येत, त्याही फुकट.

लॅपटॉपचं खरं दुखणं मात्र वाय-फाय. त्याच्या चिपला लागणारं फर्मवेअर बहुधा कंपनीच्या मालकीचं, म्हणून डेबियन ही तत्त्वनिष्ठ डिस्ट्रो ते इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे, आणि इंटरनेटशिवाय ते मिळवायचं कुठून? लॅनची केबल नाहीतर दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्ह. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून हा हट्ट सुटला. उशिरा का होईना, बरं झालं.

जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स टाकण्याच्या लाटा मात्र मायक्रोसॉफ्टच्या वेळापत्रकानेच आणल्या. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार सुटला; १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल हवं, त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही बाद ठरले. अशांवर लिनक्सचा एक्सएफसीई डेस्कटॉप ४ जीबी रॅममध्ये सुखाने चालतो. खादाडपणा करतो तो ब्राउझर.

त्याहून जुन्या, ३२-बिट लॅपटॉपांची वाट मात्र अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. त्यांना अँटिएक्ससारख्या मोजक्या डिस्ट्रोंकडे वळावं लागतं.