जैव डीझेल

वनस्पतिज तेल किंवा प्राणिज चरबी यांची मिथेनॉल वा एथेनॉल या अल्कोहॉलांशी विक्रिया करून मिळणाऱ्या आणि डीझेल एंजिनात वापरता येणाऱ्या द्रव इंधनास जैव डीझेल म्हणतात. ते शुद्ध स्वरूपात अथवा खनिज डीझेलात मिसळून वापरतात. तेलबियांचे पीक पुनःपुन्हा घेता येत असल्याने त्याची गणना पुनर्नवीकरणक्षम इंधनांत होते. खनिज तेलाची टंचाई भासू लागली की या इंधनाकडे लक्ष जाते व ते स्वस्त होताच त्याचा विसर पडतो, असे त्याच्या सु. सव्वाशे वर्षांच्या इतिहासात वारंवार आढळते.

रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी आपले एंजिन मुळात भुईमुगाच्या तेलासाठीच बनविले, असे पुष्कळदा लिहिले जाते; ते बरोबर नाही. आउग्सबर्क येथे १८९७ मध्ये यशस्वी ठरलेले त्यांचे एंजिन खनिज तेलावर चालले होते. १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीने मांडलेले एक लहान डीझेल एंजिन मात्र भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले आणि ते इतके सुरळीत चालले की, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात आली. कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल असल्यामुळे तेथील यंत्रे स्थानिक इंधनावर चालावीत, हा त्यामागील हेतू होता. हा वृत्तांत खुद्द डीझेल यांनीच १९१२ मध्ये सांगितला आणि वनस्पतिज तेलांना कालांतराने खनिज तेलाइतके महत्त्व येऊ शकेल, असे मतही मांडले.

घाण्यातून निघालेले तेल तसेच वापरण्यात एक मोठी अडचण होती. त्याची श्यानता (दाटपणा) खनिज डीझेलाच्या दहापट वा त्याहून अधिक असते. त्यामुळे त्याचा फवारा नीट होत नाही, नॉझलवर काजळी साचते, दट्ट्याच्या कड्या चिकटतात आणि एंजिनातील वंगण घट्ट होऊ लागते. यावरील उपाय बेल्जियममध्ये सापडला. ब्रूसेल्स विद्यापीठातील जी. शाव्हान यांना १९३७ मध्ये वनस्पतिज तेलांपासून एस्टरे बनवून ती इंधन म्हणून वापरण्याचे एकस्व मिळाले. पाम तेलाच्या एथिल एस्टरावर चालणारी बस १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रूसेल्स व लूव्हाँ या शहरांदरम्यान धावली. येथेही पाम तेल पुरविणारी काँगोची वसाहत पाठीशी होतीच.

आजची कृती तत्त्वतः तीच आहे. सु. १०० किग्रॅ. तेल व ११ किग्रॅ. मिथेनॉल यांची सोडियम वा पोटॅशियम हायड्रॉक्साइड या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात विक्रिया केली असता सु. १०० किग्रॅ. मिथिल एस्टर (जैव डीझेल) व ११ किग्रॅ. ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन जड असल्यामुळे तळाशी बसते व वेगळे काढता येते. मिथेनॉल बहुधा नैसर्गिक वायूपासून बनविलेले असते, त्यामुळे या इंधनाचा थोडा भाग खनिजमूलकच असतो.

दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये टंग तेलाचे भंजन करून इंधने बनविण्यात आली, तर भारतातही निरनिराळ्या वनस्पतिज तेलांवर एंजिने चालवून पाहण्यात आली. युद्धानंतर खनिज तेल मुबलक झाले व हे काम मागे पडले. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते पुन्हा सुरू झाले. ब्राझीलमधील एक्स्पेदितो पारेंते यांनी १९८० मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. आंतरराष्ट्रीय बहिष्काराच्या छायेत असलेल्या द. आफ्रिकेत सूर्यफुलाच्या तेलावर ट्रॅक्टर चालविण्याचे प्रयोग झाले. तेथील तंत्र घेऊन ऑस्ट्रियात १९८७ मध्ये प्रायोगिक व १९८९ मध्ये औद्योगिक प्रमाणावरील कारखाना उभा राहिला.

जैव डीझेलात गंधक जवळजवळ नसते आणि वजनाने सु. ११% ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार शुद्ध जैव डीझेलामुळे निष्कास वायूंतील कणरूप द्रव्य व कार्बन मोनॉक्साइड ही दोन्ही जवळजवळ निम्मी आणि न जळलेली हायड्रोकार्बने सु. दोन तृतीयांशाने कमी होतात. नायट्रोजन ऑक्साइडे मात्र सु. १०% वाढतात. सोयाबीनपासूनच्या जैव डीझेलाविषयी १९९८ मध्ये झालेल्या अमेरिकी अभ्यासात खर्ची पडलेल्या खनिज ऊर्जेच्या ३.२ पट ऊर्जा मिळते, असे आढळले. ते सहजासहजी पेट घेत नसल्याने साठवण व वाहतूक कमी धोक्याची असते. गंधक काढून टाकलेल्या डीझेलाचा वंगणगुण घटतो. तो १–२% जैव डीझेलाने भरून निघतो. उलटपक्षी त्याची ऊर्जा दर लिटरमागे सु. ८% कमी असते, थंडीत ते लवकर गोठते आणि दीर्घकाळ साठविल्यास हवेने खराब होते.

हे सर्व गुण एंजिनापुरते झाले. तेल आणावयाचे कोठून, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. खाद्यतेलाची मोठी आयात करणाऱ्या भारताने अखाद्य तेलबियांची, विशेषतः मोगली एरंडाची, निवड केली. दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ३१ डिसेंबर २००२ रोजी ५% जैव डीझेलाच्या मिश्रणावर चालविण्यात आली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने २०% मिश्रणासाठी सु. १.१ कोटी हेक्टरांवर लागवड लागेल, असा हिशेब मांडला. भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने बनविलेल्या इंधनावर २००४ मध्ये एक मोटारगाडी देशभर हजारो किलोमीटर फिरली. इंधन उत्तम ठरले. फसले ते झाड. जनावरे तोंड लावीत नाहीत म्हणून जे झुडूप बांधावर कुंपणासाठी लावीत, ते रानटीच होते. त्याचे निवडक वाण तयार झालेले नव्हते. ते पडीक जमिनीत जगते हे खरे, पण जगणे आणि भरघोस फळणे यांत अंतर आहे. बी येण्यास तीन-चार वर्षे लागत आणि पाण्यावाचून उतारा फारच थोडा पडे. पेंड विषारी, म्हणून गुरांच्याही उपयोगाची नव्हती. नासिक भागातील शेतकऱ्यांना हा अनुभव १९८० नंतरच्या दशकातील लागवडीतच आला होता. त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. शिवाय कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेली जमीन पुष्कळ गावांत गरिबांची गुरचरण व सरपणाची जागा होती. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या सरकारी खरेदी धोरणातील लिटरमागे २५ रुपये हा दर उत्पादनखर्चाहून कमी पडला. २०१७ पर्यंत २०% मिश्रणाचे २००९ च्या धोरणातील उद्दिष्ट साध्य झाले नाही.

इंडोनेशियाने पाम तेलाच्या जोरावर २०२० मध्ये ३०% व २०२५ मध्ये ४०% मिश्रण सक्तीचे केले. त्यामुळे डीझेलाची आयात घटली. परंतु त्या देशात पाम लागवडीसाठी वर्षावने तोडली गेली आहेत. पीट जमिनीवरील असे वन तोडून मळा केल्यास हवेत जाणारा कार्बन जैव डीझेलाच्या वापराने भरून निघण्यास चारशेहून अधिक वर्षे लागतील, असा अंदाज २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवी जमीन न लागणारा कच्चा माल म्हणजे तळणीचे वापरलेले तेल होय. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहराच्या बसगाड्यांत त्यापासूनचे इंधन १९९० नंतरच्या दशकापासून वापरण्यात आले. भारताच्या २०१८ च्या धोरणात या तेलास स्थान मिळाले आणि २०३० पर्यंत ५% मिश्रणाचे उद्दिष्ट ठरले. हॉटेले व फरसाणवाल्यांकडील असे तेल पुन्हा स्वयंपाकात न येता इंधनाकडे वळावे, यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी संकलन योजना सुरू केली. त्यानंतरच्या वर्षांत देशातील प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्या खालीच राहिले.