कामगाराचे वाहन : घेणे आणि राखणे



या व्यासपीठावर आजवर राजे, संत आणि ग्रंथ यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा कारखान्याच्या दाराशी रोज उभी असणारी एक वस्तूच मी आज विषय म्हणून आणली आहे : कामगाराची मोटारसायकल. वाहन घेण्याचा दिवस सर्वांना आठवतो, हार-पेढ्यांसह आठवतो. ते राखण्याचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे आकुर्डी-चिंचवडचा पट्टा कारखान्यांनी भरला, आणि घर व काम यांतले अंतर मैलांनी वाढले. मोटारसायकली देशात बनू लागल्या होत्या. १९५५ पासून मद्रासेत बुलेट, १९६१ पासून म्हैसुरात जावा. पण त्या कामगाराच्या पगारात बसणाऱ्या नव्हत्या. आकुर्डीची बजाज स्कूटर इटालियन परवान्यावर निघे. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली 'चेतक' आली. तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्कूटर जोडणारे हात संध्याकाळी पुष्कळदा सायकलीचेच हँडल धरीत! त्याच १९७२ साली फिरोदियांची 'लूना' आली. पेट्रोल संपले तर पायडल मारून घरी जाता येई. अनेक घरांतले ते पहिले इंजिन.

लगेच १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, जगात तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, आणि 'लिटरला किती देते?' हा प्रश्न आपल्याकडे कायमचा आला. त्या काळची बहुतेक दुचाकी इंजिने दोन-स्ट्रोकची होती. त्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. तेल कमी पडले तर पिस्टन जाम. जास्त झाले तर प्लग काजळून गाडी बंद. म्हणून मालकाच्या खिशात प्लगपाना आणि सँडपेपरचा तुकडा असे. सुट्टीच्या दिवशी वाड्याच्या अंगणात सायलेन्सर उतरवून काजळी झाडण्याचा कार्यक्रम चाले. त्रास होता खरा. पण गाडीचे पोट मालकाला ठाऊक होते.

१९८५ साली हीरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आली. तेल निराळे, पेट्रोल निराळे. लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा. पेट्रोल भरा आणि विसरून जा, असा तिच्या जाहिरातीचा सूर होता. लोकांनी तो जरा जास्तच मनावर घेतला. पेट्रोल वाचले, काजळी गेली. पण इंजिनातले तेल पाहणे, साखळीचा ढिलेपणा काढणे, आठवड्याला चाकांतली हवा तपासणे, हेही विसरले गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, कार्ब्युरेटर गेला आणि इंधनाचा हिशेब एक इलेक्ट्रॉनिक डबी ठेवू लागली. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. मात्र ज्ञान मालकाच्या हातून निघून सर्व्हिस सेंटरच्या बिलात गेले.

चोरीचा इतिहासही असाच गाडीच्या मागोमाग चालत आला आहे. पूर्वी स्कूटरची स्टेपनी जाई, रात्री नळी काढून पेट्रोल जाई. पुढे गाडीच जाऊ लागली. हँडललॉक म्हणजे एक लहानशी खीळ. जोराच्या हिसक्यापुढे तिचा काय टिकाव लागणार? आमच्या एका सभासदाची मोटारसायकल तिसऱ्या पाळीत कारखान्याबाहेरून गेली. आत जागा साहेबांच्या मोटारींना. कामगारांच्या गाड्या रस्त्यावर. पहिल्या वर्षीचा पूर्ण विमा सरल्यावर चार पैसे वाचवावेत म्हणून त्याने फक्त तृतीय पक्षाचा विमा घेतला होता. तो विमा आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर उपयोगी. चोरीचा एक पैसाही त्यातून मिळत नाही. गाडी गेली, हप्ते राहिले. आम्ही व्यवस्थापनाकडे गेलो, तेव्हा उत्तर मिळाले, "गाडी तुमची, जबाबदारी तुमची."

याच घोटाळ्यात आजही पुष्कळजण सापडतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय-पक्ष विमा सक्तीचा झाला. मालकाला वाटते, पाच वर्षे निश्चिंती. पण चोरीचे संरक्षण बहुधा एकाच वर्षाचे असते. म्हणून घरी गेल्यावर आधी विम्याचा कागद वाचा. इंजिन आणि चासीचे नंबर वहीत उतरवून ठेवा. रात्री चाकातून साखळी घालून ती खांबाला बांधा. नुसते चाक बांधले तर चोर अख्खी गाडी उचलून टेम्पोत घालतो. आणि चोरी झालीच, तर विलंब न करता पोलिसांत फिर्याद द्या आणि विमा कंपनीला कळवा.

पण मित्रहो, साखळी घेणे हा अर्धाच उपाय झाला. कामावर येण्याचा खर्च, इंधन, दुरुस्ती, हप्ता, विमा, चोरीची धास्ती, हे सारे हळूहळू एकट्या कामगाराच्या खांद्यावर आले. ती मोटारसायकल कामगार हौसेने थोडीच आणतो? पहाटेच्या पाळीला बस मिळत नाही म्हणून आणतो. मग ती आठ तास सुरक्षित उभी राहावी, ही जबाबदारी त्याच्या एकट्याची कशी?

पुढच्या मागणीपत्रकात आम्ही वाहनतळाचे कलम घातले. पुष्कळांनी हसून घेतले. दोन वर्षांनी करार झाला, तेव्हा आतल्या बाजूला पत्र्याची शेड, बिल्ला आणि पहारेकरी मिळाला. त्या सभासदाला मात्र त्याचा उपयोग नव्हता. गेलेल्या गाडीचे हप्ते फेडीत तो तेव्हाही बसनेच कामावर येत होता.