पाठीवरच्या वजनाचा सराव : पहिली सॅक निवडताना

पाठीवर ठरावीक वजनाची सॅक घेऊन झपाझप चालण्याच्या व्यायामाला ‘रकिंग’ असे म्हटले जाते. पायदळाच्या प्रशिक्षणातून हा प्रकार नागरी व्यायामात आला. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत नाव नवे असले, तरी ओझे घेऊन चालणे नवे नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील वनरक्षकांची पायी गस्त असो, गडचिरोली पोलिसांच्या १९९० मध्ये स्थापन झालेल्या सी-६० पथकाची जंगलातील मोहीम असो, पाणी, शिधा आणि साहित्य पाठीवर घेऊनच वाट तुडवावी लागते. या भागातील अनेक तरुण-तरुणी वनरक्षक व पोलीस भरतीच्या तयारीत असतात. त्यांच्यापैकी कोणी असा सराव सुरू करणार असेल, तर पहिली सॅक कशी असावी आणि तिच्यात किती वजन भरावे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

चाचणी कशाची, सराव कशाचा?

राज्यातील वनरक्षक भरतीत पुरुष उमेदवारांना ५ किलोमीटर अंतर ३० मिनिटांत, तर महिलांना ३ किलोमीटर अंतर २५ मिनिटांत धावावे लागते. त्याखेरीज चालण्याची चाचणी असते. तीत पुरुषांना २५ किलोमीटर व महिलांना १६ किलोमीटर अंतर ४ तासांत पूर्ण करावे लागते. ही चाल वजनाविना असते. पुरुषांसाठी तिचा वेग ताशी सव्वासहा किलोमीटर, तर महिलांसाठी ४ किलोमीटर होतो. सव्वासहाचा वेग सलग चार तास टिकविणे सोपे नाही आणि पाठीवर ओझे असताना तो नवशिक्याला साधतही नाही. त्यामुळे वेगाचा सराव रिकाम्या पाठीनेच करावा. वजनाची चाल ही पाय, पाठ आणि दम यांच्या बळकटीसाठी असलेली पूरक मेहनत होय.

अमेरिकेत वणवा विझविणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ‘पॅक टेस्ट’ असते. तीत ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो वजन घेऊन ३ मैल अंतर ४५ मिनिटांत, न धावता, पार करावे लागते. हे आकडे प्रशिक्षित माणसांसाठी आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांचे अनुकरण करणे म्हणजे गुडघे आणि कंबर यांना दुखापतीचे आमंत्रण देणे ठरेल.

सॅक कशी असावी?

चांगल्या सॅकचे काम एकच : वजन पाठीला चिकटून आणि न हलता राहिले पाहिजे. वजन पाठीपासून जितके दूर, तितका खांदा मागे ओढला जातो आणि तोल सावरण्यासाठी शरीर पुढे वाकते. म्हणून नवशिक्याला २० ते ३० लिटर क्षमतेची सॅक पुरेशी आहे. गिर्यारोहणाची ५० - ६० लिटरची सॅक अर्धी रिकामी राहते आणि आतील वजन तळाशी घसरते.

खांदपट्टे रुंद व जाड भरणीचे असावेत. अरुंद पट्टा खांद्यावरील नसांवर दाब देतो. लांब पल्ल्याच्या ओझ्यानंतर सैनिकांचे हात बधिर झाल्याच्या नोंदी लष्करी वैद्यकात आहेत. चालताना बोटांना मुंग्या येऊ लागल्यास सॅक ताबडतोब उतरवावी. छातीवरचा आडवा पट्टा खांदपट्टे बाहेर सरकू देत नाही, तर कमरपट्टा खांद्यांवरील भार काही अंशी नितंबाच्या हाडांवर घेतो. पाच-सहा किलोंसाठी छातीचा पट्टा पुरतो. दहा किलोंच्या पुढे जाण्याचा विचार असल्यास रुंद कमरपट्टा हवाच.

खरेदी करताना खांदपट्टे जेथे सॅकला जोडलेले असतात, तेथील शिलाई प्रथम पाहावी. तेथे एकाच रेषेतील टाके नसून पुन्हा पुन्हा आडवी मारलेली घट्ट शिलाई असावी, कारण सॅक बहुधा तेथेच उसवते. चेन जाड दातांची आणि कापड जाड नायलॉनचे असावे. बाहेर लोंबणारे बंद व जाळीचे कप्पे बांबूच्या रांजीत आणि काटेरी झुडपांत अडकतात, ते जितके कमी तितके बरे. दुकानातच सॅकमध्ये पाच-सहा किलो वजन भरून दहा मिनिटे चालून पाहावे. रिकामी सॅक कोणाच्याही पाठीला चांगलीच वाटते.

या भागात आणखी एक पथ्य पाळावे. लष्करी छापाची किंवा गर्द हिरवी सॅक टाळावी. जंगलाच्या वाटेवर अशा पेहरावाने गावकरी आणि सुरक्षा दले या दोघांचाही गैरसमज होऊ शकतो. नारंगी किंवा पिवळा रंग रस्त्यावरच्या वाहनचालकालाही दुरून दिसतो.

महागड्या सॅकची सुरुवातीला गरज नाही. महाविद्यालयात नेण्याची मजबूत सॅक घरात असेल, तर पहिले दोन महिने तीच वापरावी. तिच्यातील लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असतो. वजन ठेवण्यासाठी तीच योग्य जागा आहे.

वजन कशाचे आणि किती?

पाणी हे सर्वांत सुरक्षित वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. थकवा आल्यास ते पिता येते, ओतूनही देता येते. बाटल्या मात्र काठोकाठ भराव्यात, नाहीतर पाणी हिंदकळते. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते. ती दुहेरी प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून टॉवेलात गुंडाळावी. वीट किंवा लोखंडी प्लेट वापरायची झाल्यास ती कपड्यांत आवळून बसवावी, कारण सुटी वस्तू प्रत्येक पावलाला पाठीवर आदळते. सपाट रस्त्यावर जड वस्तू दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये यावी. खडबडीत वाटेवर ती किंचित खाली घेतल्यास तोल सांभाळणे सोपे जाते.

शाळकरी मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे, असा दंडक आहे. नवशिक्या प्रौढानेही सुरुवात याच मर्यादेत करावी. ६० किलो वजनाच्या तरुणाने सॅक व पाणी धरून सहा किलोंपेक्षा अधिक घेऊ नये. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, तीन किलोमीटर चालावे. दोन आठवड्यांनी एक किलो किंवा एक किलोमीटर वाढवावा, दोन्ही एकदम नाही. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपुढे जाण्याचे भरतीच्या तयारीत कारण नाही. सॅक घेऊन धावणे पूर्णपणे टाळावे. बूटही हलके असावेत. पायातील एक किलो पाठीवरच्या अनेक किलोंइतका दमवितो. पाठदुखी, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा सराव सुरू करू नये.

चालावे कोठे आणि केव्हा?

सॅकच्या निवडीइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या प्रशिक्षित होत्या आणि सोबत मदतनीसही होते. मोहफुलांच्या व तेंदूपानांच्या हंगामात पहाटे जंगलात गेलेल्या गावकऱ्यांवरही हल्ले होतात. पाठीवर वजन असलेल्या माणसाला चटकन वळता येत नाही. त्यामुळे सरावासाठी जंगलाची वाट निवडू नये.

महामार्गही सुरक्षित नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील काटली येथे पहाटे रस्त्याच्या कडेला व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकने चिरडले आणि चार मुलांचा जीव गेला. शाळेचे पटांगण किंवा क्रीडांगण हाच योग्य पर्याय. ४०० मीटरच्या धावपट्टीवर साडेबारा फेऱ्यांत ५ किलोमीटर होतात. रस्त्यानेच जावे लागले, तर उजाडल्यावर, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, कानात इअरफोन न घालता आणि सोबतीनेच जावे.

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या काळात वजन निम्मे करावे आणि ऊन चढण्याआधी सराव आटोपावा. चक्कर, मळमळ किंवा अंग गार पडल्यासारखे वाटल्यास सॅक उतरवून सावली गाठावी. त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावा.