मृग देशावरचा, पाऊस डोंगरावरचा

जूनच्या पहिल्या आठवड्यात महाबळेश्वरात दोन कामं एकदम चालतात. एक, घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या. हल्ली बऱ्याच ठिकाणी गवताऐवजी पत्रे नाहीतर प्लास्टिक दिसतं, पण कारण तेच. भिंत उघडी राहिली, तर दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. दुसरं काम म्हणजे घाटाखालच्या रोपवाटिकेतून पिशव्यांतली रोपं आणून अंगणात लावायची, कारण मृग लागला. चिऱ्याच्या भिंतीला पावसापासून जपणारा माणूस त्याच दुपारी वीतभर गुलाब त्याच पावसाच्या तोंडी देतो. त्यात काही चुकतंय असं त्याला वाटत नाही. मलाही पुष्कळ वर्षं वाटलं नव्हतं.

मृगात झाड लावावं हा नियम खोटा नाही. तो देशावरचा आहे आणि तिथे शंभर टक्के खरा आहे. माण-खटावला किंवा आटपाडी-जतला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे पहिली सर वाया घालवणं म्हणजे वर्ष वाया घालवणं. पण हा नियम पसरणीचा घाट चढून वर आला तेव्हा वाटेत त्यानं पाऊस मोजला नाही. वाईला पाऊस हजाराच्या आत. पाचगणीला त्याच्या दुपटीच्या आसपास. तिथून आणखी अठरा-वीस किलोमीटर पुढे महाबळेश्वरात साडेपाच-सहा हजार, आणि त्यातला दोन हजारांच्या आसपास एकट्या जुलैत. एका तासाच्या रस्त्यावर तीन वेगळी हवामानं असताना लागवडीचं पंचांग मात्र एकच!

मुळाला पाणी लागतं तशी हवाही लागते. जांभ्यात खणलेला खड्डा आणि त्यात रोपवाटिकेच्या पिशवीतला चिकणमातीचा गोळा, म्हणजे तळ बंद असलेला हंडाच. महिनाभर तो भरलेला राहिला की मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी आपलं काम करते. माझे सहा गुलाब असेच गेले. आषाढात पानं पिवळी पडली तेव्हा मी खत कमी पडलं असं समजून आणखी खत घातलं. भाद्रपदात एक रोप उपटलं तर ते हाताला जोर न लावता वर आलं. मुळांची साल चिमटीत सुटून आली, आत दोऱ्यासारखा गाभा राहिला आणि आंबूस वास आला. खत तर केव्हाच वाहून गेलं होतं. पानांवरची बुरशी ही आणखी निराळी गोष्ट. गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करायला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र इथे महाबळेश्वरात आहे, यावरून इथली हवा कोणाला मानवते ते ओळखावं.

यावर एक जोरदार आक्षेप येतो. रानात जांभूळ, हिरडा जूनमध्येच रुजतात, निसर्गाला कळत नाही आणि तुम्हाला कळतं का? आक्षेप बिनतोड वाटतो, पण निसर्ग हजार बिया टाकतो आणि त्यांतल्या दोन-चार जगल्या तरी त्याचं भागतं. आपल्याकडे दीडशे रुपयांचं एकच रोप असतं. शिवाय रानातलं बी उतारावर, पाचोळ्यात, मोठ्या झाडाच्या छत्राखाली रुजतं आणि त्याचं मूळ पहिल्या दिवसापासून तिथल्याच मातीत शिरतं. पिशवीत वेटोळं घातलेल्या मुळाची त्याच्याशी बरोबरी कशी होणार?

ज्यांचं पोट यावर आहे ते काय करतात, तेही पाहा. महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला मृगात लागवड करतच नाही. मातृरोपांपासून रोपं वाढवायचं काम पावसाळ्यात, पण बरंचसं घाटाखाली वाईकडच्या कमी पावसाच्या गावांत. वरच्या शेतात रोप चढतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला, तेही गादीवाफ्यावर, म्हणजे उरलेला पाऊस मुळाशी थांबणार नाही. आपण त्याची स्ट्रॉबेरी टोपलीनं घरी नेतो, पंचांग मात्र नेत नाही.

रोप निवडतानाही चूक तीच होते. थंड हवेचं ठिकाण म्हटलं की माणूस थर्मामीटर बघून रोप निवडतो, पाऊस बघत नाही. सरकारनंही हे केलं होतं. निलगिरीत क्विनाइन देणारा सिंकोना आला, मग इथे का नाही, म्हणून 1865 च्या सुमारास लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड झाली आणि दहाएक वर्षांत ती गुंडाळावी लागली. सिंकोनाला गारवा हवा, पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला मुळीच चालत नाही. आणि त्या थंडीचाही भरवसा नाही. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखलात दव गोठतं, तेव्हा बाजारपेठेत नुसता स्वेटर पुरतो. कुंपणाला अंजनी आणि करवंद लावा. ती दोन्ही टोकं सोसतात, आणि अंजनी फुलली की विकतचं निळं फूल आठवत नाही.

ऑक्टोबरात लावलं तर पुढचे आठ महिने पाणी कोण घालणार, हा प्रश्न मात्र खरा आहे. पावसाळ्यात हंड्यासारखा भरलेला जांभा पाऊस थांबला की पाणी धरून ठेवत नाही. इथे एप्रिलमध्ये टँकर पाहिलेल्याला हे सांगायला नको. ज्यांचा बंगला वर्षातून दहा दिवस उघडतो त्यांनी रानातलीच झाडं उतारावर जूनमध्ये लावावीत आणि निम्मी जातील हे धरून चालावं. घरात राहणाऱ्यानं मात्र हस्त सरेपर्यंत थांबावं. पाऊस उघडला की झडी उतरतात. ते काळं पडलेलं गवत बहुतेक घरांत पेटवून देतात. पेटवू नका. नव्या रोपाभोवती चार बोटं जाडीनं पसरा, बुंध्यापासून जरा लांब. माझ्याकडे दोन दिवसांआड एक तांब्या पाण्यावर शेवंती त्यानंच उन्हाळा काढते.