फाइल-स्थान, सी भाषेतील

उघडलेल्या फाइलीत पुढील वाचन वा लेखन ज्या बाइटपासून व्हावयाचे असते, त्या बाइटच्या आरंभापासून मोजलेल्या क्रमांकास फाइल-स्थान म्हणतात. पहिल्या बाइटचा क्रमांक शून्य असतो. सी या संगणकीय भाषेत हे स्थान एफ्‌टेल या फलनाने कळते.

ही कल्पना सी भाषेहून जुनी आहे. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ यंत्रावर युनिक्स प्रणालीची उभारणी सुरू केली. आरंभी प्रत्येक प्रक्रिया आपले फाइल-स्थान स्वतःजवळच बाळगीत असे. त्यामुळे एका आज्ञा-फाइलीतील दोन आज्ञांचे फलित एकाच फाइलीत उतरवू गेल्यास दुसरी आज्ञा पुन्हा शून्यापासून लिही आणि पहिलीचे लेखन नष्ट करी. रिची यांनीच हे पुढे नमूद केले आहे. अखेर ही स्थाने प्रक्रियांबाहेर, प्रणालीच्या स्वतंत्र कोष्टकात ठेवण्यात आली.

पीडीपी-११ यंत्राचा पूर्णांक १६ बिटांचा असल्याने ६५,५३५ च्या पलीकडील स्थान त्यात मावत नसे. म्हणून जुन्या सीक आज्ञेत ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांनी अंतर सांगण्याची सोय करावी लागली. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) दीर्घ पूर्णांक घेणारी एल्‌सीक आली. एफ्‌सीक व एफ्‌टेल ही फलने असलेला प्रमाणित आदान-प्रदान संग्रहही या आवृत्तीत होता. हा संग्रह मजकूर आगाऊ वाचून ठेवतो. त्याने एकदम ५१२ बाइट आणले व आज्ञावलीने त्यांपैकी १० वापरले, तर प्रणालीच्या लेखी स्थान ५१२ असते, एफ्‌टेल मात्र १० सांगते. एकाच फाइलीवर दोन्ही मार्ग मिसळल्यास चुकीच्या जागी लेखन होते आणि कोणतीही सूचना मिळत नाही.

एमएस-डॉसमध्ये ओळीचा शेवट दोन बाइटांचा, पण आज्ञावलीस तो एकच वर्ण दिसे. त्यामुळे १९८९ च्या अमेरिकन मानकाने मजकुराच्या फाइलींपुरता एफ्‌टेलचा आकडा ही केवळ परतीची खूण ठरविली : ती एफ्‌सीकला द्यावी, तिच्यावरून वर्ण मोजू नयेत. हे कलम अडचणीचे वाटले, तरी प्रामाणिक आहे. मोठ्या फाइलींसाठी एफ्‌गेटपॉस हे फलनही त्याच मानकात आले.

दीर्घ पूर्णांक ३२ बिटांचा असेल, तर एफ्‌टेलची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ बाइट ही होय. अपयश आल्यास ते उणे एक देते. युनिक्सच्या १९९७ मधील विनिर्देशात यासाठी एफ्‌टेलो देण्यात आले. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांत दीर्घ पूर्णांक ३२ बिटांचाच राहिल्याने तेथे वेगळे फलन वापरावे लागते.