डावं पुढचं चाक

चिपळूणच्या माझ्या गॅरेजात क्रेनने ही हॅचबॅक आणून सोडली, तेव्हा तिचं डावं पुढचं चाक डिकीत होतं. गाडीवाले पुण्याचे. सोबत पत्नी, मागच्या सीटवर आई आणि मुलगी. त्यांनी सांगितलेल्या वेळा आणि हबवर उरलेल्या खुणा एकमेकींशी जुळवून मी हा क्रम लावला. चाक निखळलं दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी, कुंभार्ली घाट उतरल्यावर, शिरगावच्या अलीकडे.

१८ तास आधी. पुणे, संध्याकाळी ६.
गावाला जायचं म्हणून टायर रोटेशन आणि बॅलन्सिंग करून घेतलं. मागचं चाक पुढे आलं, चारही नट हवेच्या गनने आवळले गेले. नट घट्ट बसले असणार, याबद्दल मला शंका नाही. पण हबची सपाट बाजू आणि रिमची मागची बाजू यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा तसाच राहिला होता. वायर ब्रशने तो काढायला दोन मिनिटं पुरतात. चाकावरचा भार खरं तर स्टड पेलत नाहीत. नटांच्या ताणामुळे रिम हबवर दाबली जाते आणि त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण सगळा जोर वाहून नेतं. मधला गंज चालत्या गाडीत चुरला की तेवढी फट पडते आणि नट न फिरताही त्याचा ताण जातो. बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तो टॉर्क-पान्याने मोजायचा असतो, गनच्या आवाजावरून तो कळत नाही.

६ तास आधी. सकाळी ६ नंतर.
निघाले. कात्रजपर्यंत काहीच नाही.

५ तास आधी. शिरवळ.
चहाला थांबले. साधारण ५० किलोमीटर झाले होते. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहायचे असतात. पाना डिकीतच होता. ही गोष्ट दुकानातल्या माणसाने गिऱ्हाइकाला सांगायलाच हवी. ती न सांगणं मला अक्षम्य वाटतं.

४ तास आधी. साताऱ्याच्या अलीकडे.
खंबाटकी मागे पडला. ताशी ९० च्या आसपास स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवू लागली. थरथर सीटला न येता स्टिअरिंगला आली, म्हणजे दोष पुढच्या चाकात. गाडीवाल्यांनी ठरवलं, बॅलन्सिंग नीट झालेलं नाही, परत गेल्यावर दाखवू. इथपर्यंत तसं वाटणं रास्तच होतं.

अडीच तास आधी. उंब्रज ते पाटण.
हमरस्ता सुटला, वेग पन्नासच्या खाली आला. बॅलन्सिंगचा दोष एका ठरावीक वेगात बोलतो आणि वेग उतरला की गप्प होतो. इथे उलटं झालं. गाडी हळू चालली की डावीकडून खट... खट... असा आवाज यायचा, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. आईंनी तो सर्वांत आधी ऐकला, कारण त्या डावीकडे बसल्या होत्या. बेअरिंग गेलं असेल तर सलग घुमणारा आवाज येतो आणि उजव्या वळणावर डाव्या चाकावर भार आला की तो वाढतो. बॉल जॉइंट किंवा लिंक रॉड खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर खडखडतो. सपाट रस्त्यावर, वेगाच्या तालात पडणारा ठोका आला की आधी नट बघावेत.

पावणेदोन तास आधी. पाटण.
इथे गाडी थांबली, हे त्यांचं शहाणपण. पंक्चरवाल्याकडे जॅक लावला. त्याने चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. चाक हललं. ‘बेअरिंग गेलंय, चिपळूणपर्यंत जाईल,’ असं म्हणून त्याने गाडी खाली घेतली. प्लॅस्टिकची व्हीलकॅप कुणी काढलीच नाही, आणि नट तिच्याच आड होते.

एवढ्यावर निदान होत नाही. दुसऱ्या माणसाला गाडीत बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं आणि चाक पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबला की कॅलिपर डिस्कला पकडतो आणि बेअरिंगमधला प्ले नाहीसा होतो. म्हणजे हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही चाक हलत असेल तर टॉर्च घेऊन मागून बघावं. डिस्क चाकासोबत हलत असेल तर बॉल जॉइंट. डिस्क स्थिर आणि फक्त रिम हलत असेल तर नट. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावरच हललं तर टाय रॉडचं टोक किंवा रॅक पाहावा. हे सगळं त्या जॅकवरच, चहा निवायच्या आत झालं असतं. पत्नी गाडीतच होत्या, ब्रेक त्यांनीच दाबला असता.

पाऊण तास आधी. हेळवाक, कुंभार्ली घाटाचा माथा.
आता उतार. सैल रिम प्रत्येक ब्रेकला स्टडवर सरकून आदळत होती. भोकं लांबट होत गेली, आणि जे स्टड ताणासाठी बनवलेले, त्यांना आता प्रत्येक वळणावर वाकावं लागत होतं. शिवाय डावीकडच्या सरळ आट्याच्या नटाला पुढे धावणाऱ्या चाकाचं फिरणं सैल करण्याकडेच नेतं. म्हणूनच काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे ओढ घेत होतं. गाडीवाले सावकाश उतरत होते. पण मोजून ब्रेक लावल्याने सैल नटाचं काही भलं होत नाही.

१२ वाजून १० मिनिटं.
घाट संपला, पोफळी गेली, सरळ रस्ता लागला. गाडी एकदम डावीकडे खाली बसली आणि चाक तिच्या पुढे धावत गेलं. घाबरून पाय ब्रेकवर पूर्ण पडला. अशा वेळी पाय काढून घ्यावा, स्टिअरिंग घट्ट सरळ धरावं, गाडीला आपणहून थांबू द्यावं, पण त्या क्षणी हे आठवणं किती अवघड असतं ते मला कळतं. डिस्क डांबर खरवडत गेली आणि गाडी चरात उतरली. आईंच्या खांद्याचं हाड मोडलं. चाक बसथांब्याच्या शेडमधल्या सिमेंटच्या बाकाला धडकलं. बाकावर कुणी नव्हतं.

गॅरेजात मी व्हीलकॅप काढली. तीन स्टड मुळातून तुटलेले. दोघांच्या तोंडावर जुनी काळपट झीज आणि कडेला नवी चकचकीत तूट, म्हणजे ते बराच वेळ तुटत होते. चौथ्याचे आटे सपाट. रिमची चारही भोकं अंड्यासारखी, आणि त्यांच्याभोवती लालसर भुकटी. मग हब हाताने फिरवला. कसलाही आवाज नाही, जराही प्ले नाही. बेअरिंग उत्तम होतं.

हब, स्टड, रिम आणि डिस्क नवी घातली. बसवण्यापूर्वी बाकीच्या तिन्ही हबांवरचा गंज काढला, नट आमनेसामने आवळत टॉर्क पाना टकटक करेपर्यंत नेले. त्यांच्या डिकीत एक पाना ठेवला आणि परतीच्या वाटेवर कोयनानगरला थांबून चारही चाकांना लावायला सांगितलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. डाव्या पुढच्या चाकाच्या एका नटाने थोडं घेतलं, म्हणाले. आईंना बसमधून पुढे पाठवलं होतं.